वय झालं म्हणून तोंड कोरडं पडत नाही



भाद्रपद जवळ आला की आपल्या घराघरांत एक हिशेब सुरू होतो. सोळाकारणाची एकाशनं कोण करणार, दशलक्षणात कोणाचे किती उपवास, अनंत चतुर्दशीचा निर्जळ उपवास कोणाकोणाचा. या यादीत घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईचं नाव बहुतेक वेळा सगळ्यात वर असतं. "आईंना काही जाणवतच नाही हो, आम्हीच दुपारपर्यंत गळून जातो," असं आपण कौतुकाने सांगतो. त्याच आई एरवी दुपारी जेवताना भाकरीचा प्रत्येक घास पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलतात, ते मात्र कोणी मोजत नाही. कोणी विचारलंच तर उत्तर तयार असतं, "वय झालं, तोंड कोरडं पडायचंच."

आज मला या उत्तराबद्दलच लिहायचं आहे. ते अर्धंच खरं आहे. पण ते एकदा दिलं की पुढची विचारपूस थांबते, आणि घरातली म्हातारी बाई मुकाट्याने कमी खायला लागते. माझं म्हणणं असं की उतारवयात तोंड कोरडं पडणं ही तापासारखी गोष्ट आहे. ताप आला तर आपण कारण शोधतो. इथेही शोधलं पाहिजे.

आधी लाळ म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे उष्ट्या-खरकट्याचा विचार जास्त, त्यामुळे लाळ म्हटलं की नाक मुरडलं जातं. पण ती तोंडात असते तोवर तिच्यासारखी कामाची बाई घरात दुसरी नाही. मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. एक कानाच्या पुढे गालात, गालगुंड झाल्यावर सुजते तीच. दुसरी खालच्या जबड्याखाली, तिसरी जिभेखाली. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या आतल्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी असतात. सगळ्या मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. त्यात नव्याण्णव टक्के पाणीच असतं, पण उरलेल्या एका टक्क्यात बरंच काही आहे. पिठूळ अन्न पचवायला सुरुवात करणारा पाचक रस त्यात असतो, म्हणून तर भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते. दातांची झीज भरून काढणारे क्षार असतात. जंतूंना आवर घालणारे पदार्थ असतात. आणि घास गिळताना घशाला लागणारा ओलसर बुळबुळीतपणा असतो.

या ग्रंथींची कामाची वेळ सारखी नसते. आपण चावायला लागलो की कानाजवळची ग्रंथी पातळ लाळ भराभर सोडते. जेवण नसतं तेव्हा तोंड ओलं ठेवायचं काम मुख्यतः जबड्याखालची ग्रंथी करते. आणि झोपेत लाळ जवळजवळ थांबतेच. म्हणून पहाटे उठल्यावर तोंड चिकट लागणं हे लहान-मोठ्या सगळ्यांचंच असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, नियमांच्या बाबतीत ती पुन्हा लागणार आहे.

आता वयाकडे येऊ. वय वाढतं तसं लाळग्रंथींमधल्या लाळ तयार करणाऱ्या पेशी कमी होतात आणि त्यांच्या जागी चरबी आणि तंतू भरतात. हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. म्हणून पूर्वी डॉक्टरही म्हणत की म्हातारपणी लाळ आटते. पण १९८१ मध्ये ब्रूस बाउम या अमेरिकी संशोधकाने वेगवेगळ्या वयाच्या निरोगी माणसांची कानाजवळच्या ग्रंथीतली लाळ मोजली, तेव्हा म्हाताऱ्या माणसांची लाळ तरुणांपेक्षा कमी भरली नाही. पुढे २०१५ मध्ये अशा अनेक मोजण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. त्यात दिसलं की म्हातारपणी तोंडातली एकूण लाळ आणि जबड्याखालच्या व जिभेखालच्या ग्रंथींची लाळ तरुणांपेक्षा कमी असते, पण कानाजवळच्या ग्रंथीत तसा फरक आढळत नाही. म्हणजे वयाचा परिणाम आहे, पण तो हळू आणि थोडा आहे. नुसत्या वयाने निरोगी बाईचं तोंड इतकं कोरडं पडत नाही की तिला भाकरी गिळता येऊ नये.

मग पेशी कमी होऊनही काम कसं चालतं? कोठीतल्या धान्यासारखं. तरुणपणी कोठी काठोकाठ भरलेली असते, चार पाहुणे महिनाभर राहिले तरी कळत नाही. उतारवयात कोठी निम्म्यावर येते. घरच्या माणसांचं रोजचं भागतं, पण पाहुणे आले की तळ दिसायला लागतो. म्हातारपणी लाळेचं असंच होतं. रोजचं भागतं, पण वरून काही बोजा पडला की तो सोसायला शिल्लक उरत नाही. तो बोजा कोणता, हा खरा प्रश्न आहे.

बहुतेक घरांत तो बोजा गोळ्यांच्या डब्यात असतो. लाळग्रंथीला लाळ सोड असा निरोप मज्जातंतूंकडून जातो. कितीतरी औषधं हा निरोप वाटेतच अडवतात. सर्दी-खाजेच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी अ‍ॅमिट्रिप्टिलीन, वारंवार लघवीला लागू नये म्हणून दिली जाणारी ऑक्सिब्युटिनिन, कंपवातावरच्या काही गोळ्या. बीपी आणि पायांच्या सुजेसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देतात, त्या शरीरातलं पाणीच कमी करतात. एकेक गोळी तरुण माणसाला फारसं काही करत नाही. पण निम्म्या कोठीच्या शरीरात अशा तीन-चार एकत्र आल्या की तोंड कोरडं ठणठणीत पडतं.

आमच्या आळीतल्या एका काकूंचं सांगते. बीपीची गोळी एका डॉक्टरांची, गुडघ्यांसाठी आणि झोपेसाठी परभणीच्या दुसऱ्या डॉक्टरांची, आणि अंगाला खाज सुटते म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेली गोळी, ती दीड वर्ष रोज चालू. एकाही डॉक्टरला बाकीच्यांचं माहीत नव्हतं. काकूंची कवळी निसटायला लागली, तेव्हा सगळ्यांना वाटलं कवळीच बिघडली. पण कवळी हिरडीला धरून ठेवते ती लाळेची पातळ साय. साय नाही तर कवळी सैल. त्यांच्या सुनेने सगळी पाकिटं एका पिशवीत घातली, कोणती कधी घेतात ते एका कागदावर लिहिलं आणि एकाच डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी एक गोळी बंद केली, एक बदलली, एकीची वेळ हलवली. महिन्या-दीड महिन्यात काकू पुन्हा सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागल्या. वय तेच होतं, उलट महिन्याने वाढलेलं.

यावरून कोणी घरच्या घरी गोळ्या बंद करू नका. बीपीची किंवा मनाच्या आजाराची गोळी अचानक सोडणं धोक्याचं असतं. पण पिशवी भरून डॉक्टरांकडे नेणं आणि "यातल्या कशाने तोंड कोरडं पडतं?" असं सरळ विचारणं हे सुनेचं, लेकीचं काम आहे. आपल्याकडे मुलं पुण्याला, संभाजीनगरला असतात आणि म्हातारी माणसं चारठाण्यात. महिन्याच्या गोळ्या कुरिअरने येतात, पण सगळ्या गोळ्यांवर एकत्र नजर कोणाचीच नसते.

काही वेळा कारण गोळ्यांत नसून आजारात असतं. शुगर ताब्यात नसेल तर तोंड सुकतं. नाक चोंदून तोंडाने श्वास घेत झोपणाऱ्यांचं सुकतं. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी किरणोपचार झाले असतील तर ग्रंथींना इजा होते. आणि एक आजार मुख्यतः बायकांनाच होतो, त्याचं नाव आपल्याला माहीत असायला हवं. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात १९ स्त्रियांचं वर्णन केलं, त्यांच्यावरून त्याला श्योग्रेनचा आजार म्हणतात. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळग्रंथींवर आणि अश्रुग्रंथींवर उलटते. या आजाराच्या दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, तोंड सुकतं, सांधे दुखतात, थकवा येतो. या चारही तक्रारी आपल्या घरात "पाळी गेली ना, आता असंच" या एका वाक्यात मिटवल्या जातात. कोरडे डोळे आणि कोरडं तोंड तीन महिन्यांहून जास्त सोबत असतील तर डॉक्टरांना दोन्ही एकाच वेळी सांगा.

आता उपवास आणि रात्रीच्या त्यागाकडे येते. इथे मत मांडणं नाजूक आहे, पण मांडते.

तोंड कोरडं पडतं म्हटलं की घरातला तरुण मुलगा पहिलं बोट नियमावर ठेवतो. "रात्री पाणी नाही, मग होणारच. सोडा ते." आणि आई घाबरून तक्रारच लपवते, कारण तक्रार केली तर नियम जाईल. दोघांचंही मला पटत नाही. मघाशी सांगितलं की रात्री लाळ सगळ्यांचीच थांबते. तेव्हा पहाटेच्या कोरड्या तोंडावरून फारसं काही ठरत नाही. पण दुपारी बारा वाजता, पाण्याचा तांब्या शेजारी असताना, भाकरी गिळत नसेल तर त्याचा दोष रात्रीच्या नियमावर टाकून मोकळं होता येत नाही. कारण बहुधा दुसरीकडेच असतं. नियमाला दोष देऊन आपण गोळ्यांचा डबा बघायचं टाळतो, आणि तक्रार लपवूनही तेच होतं.

तरी एक गोष्ट नियमवाल्यांनीही मोजावी. आपल्या परभणी भागात जूनमध्ये रात्र साधारण पावणेअकरा तासांची असते, डिसेंबरात सुमारे १३ तासांची. सूर्योदयानंतरच्या दोन आणि सूर्यास्ताआधीच्या दोन घटकाही जे पाळतात, त्यांचे हिवाळ्यात साडेचौदा तास पाण्याविना जातात. उन्हाळ्यात आपण सगळेच सावध असतो, म्हाताऱ्या माणसांना पाणी प्या म्हणून मागे लागतो. हिवाळ्यात तहान लागत नाही म्हणून दिवसाही पाणी कमी जातं आणि रात्र सगळ्यात लांब असते. काळजी खरी तेव्हा हवी.

आणि तहानेचं तर आणखीच आहे. १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये एक प्रयोग झाला. सात निरोगी वृद्ध पुरुष, ६७ ते ७५ वर्षांचे, आणि सात तरुण, सगळ्यांना २४ तास पाणी दिलं नाही. म्हणजे आपला निर्जळ उपवासच म्हणा. नंतर तपासलं तर वृद्धांच्या रक्तात पाण्याची कमतरता तरुणांइतकीच नव्हे, जास्त दिसत होती. तरी त्यांनी तहान कमी लागल्याचं सांगितलं, आणि पाणी समोर ठेवल्यावरही तरुणांपेक्षा कमी प्यायले. म्हातारपणी शरीराची तहानेची घंटाच हळू वाजते. आता "आईंना उपवास जाणवतच नाही" हे वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहा. त्यात त्यांची वर्षानुवर्षांची साधना आहे, ती मी नाकारत नाही. पण न जाणवणं म्हणजे शरीराला काही होत नाही असं नव्हे. ज्यांना जाणवत नाही, त्यांच्याकडेच जास्त लक्ष द्यायला हवं.

आपल्या धर्मात याची जागा नाही असं कोणी म्हणू नये. सोळाकारणाच्या सोळा भावना आपण दरवर्षी पूजेत म्हणतो. त्यात सहावी शक्तितस्त्याग, सातवी शक्तितस्तप. त्याग आणि तप दोन्हींच्या आधी शक्ती हा शब्द जोडलेला आहे. शक्ती झाकू नये, आणि शक्तीबाहेरही जाऊ नये, असा त्याचा अर्थ आपल्याला प्रवचनात ऐकायला मिळतो. पण शक्ती मोजायची वेळ येते तेव्हा आपण विशीतल्या सुनेची मोजतो, ती कॉलेजला जाते, तिला झेपणार नाही म्हणून. सत्तरीतल्या सासूबाईंची शक्ती कोणी मोजत नाही, त्यांची गृहीत धरली जाते. माझ्या मते हे उलटं आहे.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात यम आणि नियम असा भेद आहे. जन्मभरासाठी घेतो तो यम, ठरावीक काळासाठी घेतो तो नियम. म्हणजे काळाची मर्यादा घालून त्याग करायची वाट श्रावकाला पहिल्यापासून खुली आहे. आपल्याकडे कितीतरी जणी रात्री अन्न पूर्ण सोडतात आणि आजारपणात पाणी-औषधाची सूट ठेवतात. त्यांना कोणी कमी लेखत नाही. ज्यांचा यम आहे, त्यांनी तो कोणाच्या दबावाने मोडावा असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वर्षाचा नियम घेण्याआधी महाराजांना किंवा माताजींना आपली तब्येत आणि गोळ्यांची यादी खरी खरी सांगावी. तब्येत न सांगता नियम मागितला तर त्यांनी तरी शक्ती कशी जोखायची?

आणि ज्यांना नियम तसाच ठेवायचा आहे त्यांच्यासाठी दिवसाची मांडणी बदलता येते. दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळ्या सकाळच्या वेळेत बसतात का, हे डॉक्टरांना विचारा. लघवीची गोळी तर बहुधा सकाळीच देतात. पाणी दुपारी एकदम ढोसण्यापेक्षा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत थोडं थोडं घ्या. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटकांची, म्हणून दिवसभर घोट घोट घेणाऱ्यांना उकळलेलं पाणी सोयीचं, त्याची मर्यादा आपण चोवीस तास धरतो. तांब्याला तोंड लावायचं नाही म्हणून पुष्कळ आज्या उठून वाटी घ्यायचा कंटाळा करतात आणि पाणीच पीत नाहीत. त्यांच्या हाताशी एक छोटा पेला आणि पुसायला स्वच्छ फडकं ठेवा. एवढ्याने पाणी वाढतं.

जेवणाचं म्हणाल तर आपली ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही. गरम असतानाच मोडून वरणात भिजवली तर घास सरकतो. ताकातही छान लागते, पण ज्यांच्याकडे द्विदल पाळतात त्यांनी ताकाच्या ताटात वरण-बेसन नको. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नसतं, ताट कोरडं होतं, त्या दिवशी मुगाची पातळ खिचडी किंवा जास्त पातळ वरण मुद्दाम करा. मात्र म्हाताऱ्या माणसाला सगळं पातळच द्यायची सवय लावू नका. चावण्याने ग्रंथीला काम मिळतं. प्रयोगात उंदरांना नुसतं पातळ अन्न दिलं तेव्हा त्यांची कानाजवळची लाळग्रंथी लहान झाली होती. दात किंवा कवळी आहे तोवर काकडीची, पेरूची फोड चावू द्या.

तोंडात धरायला वेलदोडा, बडीशेप, लवंग चालते. खडीसाखर किंवा गोळ्या दिवसभर चघळू नका, लाळ नसलेल्या तोंडात साखर दातांच्या मुळाशी कीड धरते. सुकवलेला आवळा जेवणानंतर एखादा ठीक, पण चिंच, लिंबू सतत चोखलं तर आंबटाने दात झिजतात. सुपारी आणि मिश्री तोंडाला आणखी त्रास देतात, कॅन्सरचा धोका तर आहेच. मेडिकलमध्ये कृत्रिम लाळ मिळते, फवारा किंवा जेलच्या रूपात. आपल्यासाठी एक सूचना. पुष्कळशी वनस्पतीच्या तंतूंपासून केलेल्या घट्टपणावर चालतात, पण परदेशी बनावटीच्या काहींत डुकराच्या जठरातला चिकट पदार्थ असतो. च्युइंगममध्ये जिलेटिन असू शकतं. घटक वाचून किंवा विचारूनच घ्या. लाळ वाढवणारी पिलोकार्पिनची गोळीही आहे, मुळात एका झुडपाच्या पानांतून मिळालेली, पण ती डॉक्टरांनी दिली तरच. दम्याच्या रुग्णाला ती चालत नाही.

तोंड कोरडं पडलं तर काय मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या बाईच्या दिवसाकडे नीट पाहावं. चव लागत नाही म्हणून ती मीठ-साखर वाढवते, मग बीपी-शुगर वाढते. घास अडकेल या भीतीने ती सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाही, नंतर एकटी थोडंसं खाते. जीभ टाळूला चिकटते म्हणून भक्तामराचा पाठ मोठ्याने म्हणणं सोडते आणि मनात म्हणायला लागते. जिभेवर पांढरे चट्टे येतात, तोंडाला वास येतो, म्हणून नातवाला जवळ घ्यायला संकोचते. बोलणं कमी होतं. आणि घरचे म्हणतात, "आता त्या फार शांत झाल्या आहेत, विरक्ती आली आहे." मैत्रिणींनो, कधी कधी ती विरक्ती नसते, ते कोरडं तोंड असतं.

आपल्या गावात पाहुणे आले की आपण त्यांना जुनी दगडी मंदिरं आणि तो उंच स्तंभ दाखवायला नेतो. त्यातला एखादा दगड निखळला तर "जुना झाला, पडायचाच" असं म्हणून आपण गप्प बसत नाही, हळहळतो, कोणीतरी बघायला हवं म्हणतो. घरातल्या जुन्या माणसाबद्दल मात्र तेच वाक्य किती सहज येतं.

म्हणून या भाद्रपदाच्या आधी एक काम करा. एखाद्या दुपारी सासूबाईंना, आईला, घरातल्या आजींना चार गोष्टी विचारा. कोरडा घास गिळायला पाणी लागतं का? जेवताना तोंड कोरडं वाटतं का? गिळायला त्रास होतो का? तोंडात लाळ कमी झाली आहे असं वाटतं का? हे चार प्रश्न माझे नाहीत. १९८७ मध्ये फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांची लाळ मोजून पाहिली, तेव्हा लाळ खरंच कमी झाली आहे की नाही ते याच प्रकारच्या प्रश्नांनी बऱ्यापैकी कळलं. उत्तर हो आलं तर गोळ्यांची पिशवी घेऊन आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. शुगर तपासा. दंतवैद्यांना दात आणि कवळी दाखवा. तिथे कळलं नाही तर संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी मुखरोगाचा वेगळा विभाग असतो. लाळ मोजणं अवघड नसतं, काही मिनिटं न चावता तोंडात जमलेली लाळ भांड्यात घेतात. मिनिटाला ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी भरली तर ती खरोखर कमी, असं धरतात.

सोळा भावनांतली नववी वैयावृत्त्याची आहे. मुनींची, माताजींची सेवा करायची संधी चातुर्मासात मिळाली तर आपण धावत जातो, त्यांच्या आहारात काय चालतं, काय नाही, पाणी किती कोमट हवं, हे बारकाईने विचारतो. ते चांगलंच आहे. तेवढ्याच बारकाईने घरातल्या आजींच्या घासाकडे पाहिलं तर तीही सेवाच आहे, असं मला वाटतं. त्यांनी उपवास करायचा की नाही हे त्यांचं त्या ठरवतील. पण कशामुळे तोंड सुकतंय हे कळल्यावर ठरवतील, एवढं तरी आपण करू.

तुमच्या घरी या चार प्रश्नांना काय उत्तरं आली ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.